बेरा सपाट आणि ओएई पास: बाळाच्या कानातली रसायनं मागाहून तयार होतात का?

इंदूरच्या रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "माझी भाची एकतिसाव्या आठवड्यात झाली. पाच आठवडे काचेच्या पेटीत होती. कावीळ खूप चढली, रक्त बदलावं लागलं. आता नऊ आठवड्यांची झाल्यावर तपासणी केली, तर दोन्ही कानांची ओएई पास आणि बेरात एकही लहर नाही. एक डॉक्टर म्हणाले, कानाच्या नसेतली रसायनं अजून तयार झालेली नाहीत, वर्षभर थांबा, आपोआप येतील. दुसरे म्हणाले, इम्प्लांटची तयारी ठेवा. ही रसायनं म्हणजे नेमकं काय? ती पोटात कधी तयार होतात? आणि जन्मानंतर येतात का?"

(ओएई आणि बेरा या बाळाच्या कानाच्या दोन तपासण्या: ओएई कानातला बारीक प्रतिध्वनी पकडते, बेरा आवाजामुळे नसेत आणि मेंदूच्या खोडात उठणाऱ्या विजेच्या लहरी नोंदवते. इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने बसवायचं, नसेला थेट विजेने चेतवणारं यंत्र.) ताई, थांबण्याचा सल्ला तुमच्या भाचीच्या बाबतीत अगदीच टाकाऊ नाही. पण त्यामागे दिलेलं कारण चुकीचं आहे. आणि कारण चुकलं की किती थांबायचं, थांबून काय करायचं, हेही चुकतं. एकतिसाव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाच्या कानातली रसायनं तोवर तयार होऊन कामाला लागलेली असतात. मागे राहतो तो नसेचा वेग, आणि हजारो तंतूंनी एकाच क्षणी उठण्याचा मेळ. मी ऑडिओलॉजीत येण्याआधी काही वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या आतल्या कानावर काम केलं आहे, त्यामुळे हा विषय माझ्या आवडीचा. उत्तर लांबेल, सांभाळून घ्या.

आतल्या कानात अडीच वेढ्यांची कॉक्लिया असते. तिच्यात केशपेशींच्या ओळी असतात: आतल्या बाजूला एक ओळ, माणसात साधारण ३,५०० पेशींची, आणि बाहेरच्या बाजूला तीन ओळी, साधारण १२,००० पेशींच्या. कानाच्या नसेत तीसेक हजार तंतू असतात आणि त्यातले नव्वद ते पंचाण्णव टक्के त्या आतल्या एकाच ओळीला येऊन चिकटतात. एका आतल्या पेशीला दहा-वीस तंतू, पण एक तंतू मात्र एकाच पेशीला, एकाच ठिकाणी. आपण जे काही ऐकतो, आईची हाक काय नि सराफ्यातला रात्रीचा गोंगाट काय, ते सगळं या जोडांमधून जातं. बाहेरच्या तीन ओळी ऐकत नाहीत. त्या आवाजाबरोबर आखडतात-ताणतात आणि आत पोचणारी हालचाल मोठी करतात. त्या हालचालीचा जो बारीकसा प्रतिध्वनी कानाबाहेर येतो तो ओएईत पकडला जातो. म्हणजे 'ओएई पास' याचा अर्थ बाहेरच्या ओळी शाबूत आहेत, एवढाच. आतली ओळ, तिच्याखालचा जोड, नस आणि मेंदूचं खोड यांबद्दल ओएई अक्षरही बोलत नाही. ते काम बेराचं.

आता रसायन. आतल्या केशपेशीच्या बुडाशी रिबन नावाची एक बारीक रचना असते आणि तिला ग्लुटामेटने भरलेल्या पिशव्या लागलेल्या असतात. आवाज आला की पेशीत कॅल्शियम शिरतं, पिशव्या फुटतात, ग्लुटामेट बाहेर पडतं आणि समोरच्या तंतूच्या टोकावरचे ग्राहक, म्हणजे रसायन पकडणारी प्रथिनं, ते टिपतात. लक्षात घ्या, कानाच्या बाजूला नस रसायन सोडत नाही, ती घेते. सोडते केशपेशी. त्याच तंतूचं दुसरं टोक मेंदूच्या खोडात असतं, तिथे मात्र तो स्वतः ग्लुटामेट सोडतो. यापलीकडे उलट्या दिशेने, मेंदूच्या खोडातून कानाकडे येणारे वेगळे तंतू आहेत. रासमुसेन यांनी १९४६ मध्ये त्यांची जुडी दाखवून दिली. त्यांचं मुख्य रसायन ॲसिटिलकोलीन. तेव्हा कुणी 'नसेतलं रसायन' म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: कुठल्या तंतूचं, आणि कुठल्या टोकाचं?

ग्लुटामेटचं नाव आज कुठलाही विद्यार्थी पाठ म्हणतो, पण ते सिद्ध व्हायला फार वेळ लागला. अडचण साधी होती. ग्लुटामेट शरीरातल्या प्रत्येक पेशीत असतं, कारण प्रथिनांचाच तो एक घटक आहे. त्यामुळे ऊतक रंगवून केशपेशीत ग्लुटामेट दिसलं, तरी ते निरोपासाठी ठेवलंय की घरखर्चासाठी, हे कळत नाही. खरा पुरावा म्हणजे ते पिशवीत भरणारं यंत्र. आतल्या केशपेशीत हे काम व्हीग्लुट-३ नावाचं प्रथिन करतं. २००८ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी ते नसलेले उंदीर तपासले आणि ते ठार बहिरे निघाले. पेशी होत्या, रिबन होत्या, ओएई होत्या, पिशव्याही होत्या, पण रिकाम्या. आणि त्याच उंदरांची नस थेट विजेने चेतवली तर मेंदूच्या खोडातल्या लहरी उमटत होत्या. तुमच्या भाचीच्या कागदांवर जे चित्र दिसतंय, त्याची ही जवळजवळ प्रयोगशाळेतली प्रत आहे. म्हणून तर नुसत्या कागदांवरून बिघाड कुठे आहे हे ठरवता येत नाही.

हे सगळं घडतं कधी? कानाच्या नसेच्या पेशी मेंदूतून येत नाहीत. गर्भाच्या डोक्याच्या बाजूला त्वचेचा एक जाडसर ठिपका असतो, तो आत वळून कानाची पिशवी बनतो, आणि तिच्याच भिंतीतून या पेशी सुटून बाहेर पडतात. न्यूरोजेनिन-१ हे जनुक नसेल तर आतल्या कानाला नसच मिळत नाही. गंमत अशी, की तंतू कॉक्लियाच्या दिशेने निघतात तेव्हा तिथल्या केशपेशी अजून केशपेशी झालेल्याही नसतात. तंतू आधी, ज्यांना भेटायचं त्या पेशी नंतर. दोन्हीकडून येणाऱ्या तंतूंपैकी मेंदूकडून कानाकडे येणाऱ्यांची जन्मकथा त्याहून मजेशीर आहे: चेहऱ्याचे स्नायू हलवणाऱ्या पेशी जिथे जन्मतात, तिथेच गर्भाच्या मागल्या मेंदूच्या चौथ्या खंडात यांचाही जन्म. एकीची वाट गालाकडे, दुसरीची कानाकडे. स्नायूच्या नसा ॲसिटिलकोलीन वापरतात आणि याही तेच वापरतात, त्यात नवल वाटण्यासारखं काही नाही.

उंदराचं पिल्लू एकोणीस-वीस दिवसांत जन्मतं, पण जन्मतः बहिरं असतं. त्याला ऐकू येऊ लागतं ते साधारण बाराव्या दिवशी. त्यामुळे माणसात जे पोटात, अंधारात, आपल्या नजरेआड घडतं ते उंदरात जन्मानंतर आपल्या डोळ्यांदेखत घडतं. या विषयाचं आपलं बहुतेक ज्ञान त्या बारा दिवसांतून आलं आहे. माणसाच्या गर्भात बाराव्या ते चौदाव्या आठवड्याच्या सुमारास केशपेशींखाली जोड दिसू लागतात. उलट्या दिशेचे तंतू आधी आतल्या ओळीखाली पोचतात आणि बाविसाव्या आठवड्याच्या आसपास बाहेरच्या ओळींना भिडतात. चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यात पोटावर कंपन करणारा आवाज दिला तर गर्भ डोळे मिटून दचकतो, हे सोनोग्राफीवर १९८३ मध्येच दाखवलं गेलं. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर ही प्रतिक्रिया बहुतेक सगळ्या निरोगी गर्भांत भरवशाने मिळते. दचकायचं तर केशपेशीने ग्लुटामेट सोडलेलं असायला हवं, तंतूने ते घेतलेलं असायला हवं, आणि खोडात पुढे दिलेलं असायला हवं. म्हणजे एकतिसाव्या आठवड्यापर्यंत हा सगळा व्यवहार कधीचा चालू झालेला असतो.

इथे थोडं विषयांतर. गर्भसंस्काराच्या नावाखाली तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पोटाला हेडफोन लावणारी घरं मी इंदुरात पाहिली आहेत. अभिमन्यूची गोष्ट आपल्या घराघरांत आहे, पण चौथ्या महिन्यात कान ऐकत नाही. सातव्या-आठव्या महिन्यात ऐकतो, तेही मुख्यतः खर्जातले आवाज आणि आईचा स्वतःचा आवाज, जो हाडामासातून सरळ आत जातो. आईने बोलावं, गावं. हेडफोनची गरज नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. ऐकू येण्याआधीही ही रसायनं रिकामी बसलेली नसतात. पिल्लाच्या कॉक्लियात केशपेशींच्या शेजारी आधारपेशींचा एक तात्पुरता उंचवटा असतो, कोलिकरचा अवयव म्हणतात त्याला. त्या पेशी अधूनमधून आपणहून एटीपी नावाचं रसायन सोडतात. त्यातून पोटॅशियम बाहेर पडतं, जवळच्या काही आतल्या केशपेशी उत्तेजित होतात, ग्लुटामेट सुटतं आणि त्यांच्याखालचे तंतू एकदम कडाडतात. बाहेर शुकशुकाट असतो, कानाचं भोकही बंद असतं, आणि नसेतून मेंदूकडे लहरींमागून लहरी चाललेल्या असतात. २००७ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधल्या संशोधकांनी हे उलगडून दाखवलं. ऐकू यायला लागलं की तो उंचवटा विरून जातो.

कशासाठी हा खटाटोप? नव्या कॉलनीत मीटर जोडायच्या आधी वायरमन टोकाटोकाला टेस्टर लावून कुठली वायर कुठल्या घरची ते ताडून बघतो, तसा. शेजारशेजारच्या केशपेशी एकत्र उठतात, त्यांचे तंतू एकत्र उठतात, आणि खोडात जिथे ते पोचतात तिथे शेजारी शेजाऱ्यापाशीच राहतो. खालचा स्वर कुठे आणि वरचा कुठे याचा नकाशा असा घट्ट होत जातो.

याच काळात ॲसिटिलकोलीनही एक तात्पुरती भूमिका करून जातं. मोठ्या प्राण्यात मेंदूकडून आलेले तंतू आतल्या केशपेशीला थेट शिवत नाहीत. ते तिच्याखालच्या तंतूवर किंवा बाहेरच्या ओळींवर बसतात. पण पिल्लात ते चक्क आतल्या पेशीवरच बसलेले असतात. २००० साली ग्लोवॉट्स्की आणि फुक्स यांनी त्या पेशीला विद्युतटोक लावून दाखवलं की हे तंतू पेशीला गप्प करतात. स्नायूत ॲसिटिलकोलीन चेतवतं, इथे ते थोपवतं, कारण इथले ग्राहक निराळे आहेत: अल्फा-९ आणि अल्फा-१० यांचे बनलेले. ते कॅल्शियम आत घेतात, कॅल्शियमने पोटॅशियमची दारं उघडतात आणि पेशी शांत होते. अल्फा-९ नसलेल्या उंदरांत ती आपोआपची कडाड चालूच राहते, पण तिचा ताल बिघडतो, आणि २०१४ मधल्या अभ्यासात दिसलं की मग खोडातला स्वरांचा नकाशाही नीट घट्ट होत नाही. रसायन आहे की नाही एवढ्यावर काम भागत नाही, ते कुठल्या ठेक्यात सुटतं हेही पाहावं लागतं. ऐकू यायला लागलं की हे तंतू आतल्या पेशीवरून निघून जातात.

ग्लुटामेट आणखी एक काम करतं. तंतू सगळे सारखे नसतात. काही हळू आवाजालाही उठतात, काही मोठा आवाज आल्याशिवाय हलत नाहीत. गर्दीत बोलणं ऐकताना दुसऱ्या प्रकारचे तंतू लागतात. २०१८ मध्ये तीन गटांनी उंदरात त्यांचे तीन उपप्रकार जनुकांच्या वापरावरून वेगळे काढले. केशपेशीकडून ग्लुटामेट आलंच नाही तर हे उपप्रकार नीट वेगळे होत नाहीत. म्हणजे ग्लुटामेट निरोप पोचवतं, शिवाय निरोप घेणाऱ्याला घडवतंही.

हे दिसतं कसं, तेही सांगतो. पिल्लाच्या पहिल्या आठवड्यात कॉक्लियाचं आवरण अजून मऊ असतं, बारीक चिमट्याने सोलून काढता येतं. मोठ्या उंदराचं हाड मात्र ते मऊ करणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणात दिवसच्या दिवस मुरवावं लागतं, नाहीतर आतला पट्टा फाटतो. मग त्यावर दोन रंगांचे प्रतिपिंड सोडतात: एक रिबनला धरणारा, एक ग्लुटामेटच्या ग्राहकाला धरणारा. मोठ्या प्राण्याच्या पेशीत सूक्ष्मदर्शकाखाली लाल ठिपक्याला हिरवा ठिपका चिकटलेला दिसतो, जोडीजोडीने. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लात लाल ठिपके बारीक आणि पुष्कळ असतात, काही पेशीत सैरभैर तरंगत असतात, आणि हिरव्यांशी त्यांचा मेळ बसलेला नसतो. पुढल्या दिवसांत ठिपके कमी होतात, मोठे होतात, एकेकाला आपला जोडीदार मिळतो. जुन्या अभ्यासांत ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या एन्झाइमचा रंग वापरून 'इथे ॲसिटिलकोलीन आलं' असं म्हटलेलं आढळतं. मी विद्यार्थ्यांना असे निष्कर्ष जपून वाचायला सांगतो. तोडणारं आहे म्हणून बनवणारं आहेच असं नाही. बनवणारं एन्झाइम किंवा पिशवीत भरणारं प्रथिन दिसलं तरच विश्वास ठेवायचा.

मेंदूकडून कानाकडे येणाऱ्या तंतूंमध्ये गाबा, डोपामिन, सीजीआरपी, एन्केफॅलिन अशी आणखीही रसायनं सापडतात. काही एकाच तंतूत दोन-दोन, तीन-तीन. तुमच्या प्रश्नाशी त्यांचा संबंध नाही, पुढे जाऊ.

तर मग अकाली बाळात मागे काय राहतं? मुख्यतः मायलिन, म्हणजे तंतूभोवतीचं चरबीचं वेष्टण, ज्यामुळे संदेश वेगाने धावतो. ऐकण्याच्या मार्गावर ते गर्भाच्या सहाव्या-सातव्या महिन्यात चढू लागतं, आणि बेराची लहरही साधारण सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास पहिल्यांदा मिळते: उशिरा येणारी, पसरट, बुटकी. ती मोठ्या माणसासारखी व्हायला जन्मानंतर दीड-दोन वर्षं लागतात. बेरा म्हणजे हजार-दोन हजार टिकटिक आवाजांना आलेल्या उत्तरांची सरासरी. तंतू मिलिसेकंदाच्या एखाद्या अंशाने जरी मागेपुढे उठले, तरी सरासरीत ते एकमेकांना खोडून टाकतात आणि कागदावर सपाट रेषा येते. सपाट रेषा म्हणजे शांतता असं दर वेळी नसतं. विस्कटलेला गलकाही सपाटच दिसतो. १९९६ मध्ये स्टार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीला ऑडिटरी न्यूरोपथी हे नाव दिलं, आणि म्हणूनच या मुलांमध्ये बेरावरून ऐकण्याची पातळी काढता येत नाही.

तुमच्या भाचीत दुसरी गोष्ट कावीळ. बिलिरुबिन केशपेशींना फारसं शिवत नाही. ते खोडातल्या ऐकण्याच्या केंद्रांवर आणि नसेवर जाऊन बसतं, आणि कमी दिवसांच्या बाळाला कमी पातळीतही त्रास देतं. रक्त बदलावं लागलं म्हणजे पातळी चांगलीच चढलेली होती. ओएई पास आणि बेरा सपाट हे चित्र अशा बाळांत ओळखीचं आहे. यातल्या काही बाळांत पुढल्या महिन्यांत लहरी परत येतात. काहींत येत नाहीत. वर्षभर थांबण्याच्या सल्ल्यामागे ही गोष्ट आहे, आणि ती खरी आहे. रसायन तयार होण्याची वाट बघतोय, असं मात्र त्यात काही नाही.

याउलट काही बिघाड असे असतात की ज्यात थांबून काहीच हाती लागत नाही. ओटोफर्लिन नावाचं प्रथिन केशपेशीत कॅल्शियमची चाहूल घेऊन ग्लुटामेटची पिशवी फोडतं. त्याचं जनुक १९९९ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून सापडलं. ते दोन्ही पालकांकडून बिघडलेलं आलं तर ग्लुटामेट असतं, पिशवी असते, पण ती सुटत नाही. ही मुलं पूर्ण दिवसांची, गुटगुटीत जन्मतात, ओएई पास होतात, आणि फक्त ओएई करणाऱ्या दवाखान्यातून 'कान उत्तम' असा कागद घेऊन घरी जातात. काही वर्षांनी त्यांची ओएईही नाहीशी होते आणि निदान आणखी अवघड होतं. इथे नस धडधाकट असते, म्हणून कॉक्लिअर इम्प्लांट छान चालतं. ते केशपेशीला वगळून थेट नसेला चेतवतं. आता यावर जनुकोपचारही आला आहे. जनुक इतकं लांब की ते वाहून नेणाऱ्या विषाणूत मावत नाही, म्हणून दोन तुकडे करून दोन विषाणूंतून नेतात. शांघायच्या फुदान विद्यापीठाच्या रुग्णालयात सहा मुलांना हा उपचार दिला गेला आणि पाच जणांना ऐकू येऊ लागल्याचं २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालं. तुमच्या भाचीत कावीळ आणि अकाली जन्म ही कारणं समोर असली, तरी घरात नात्यातलं लग्न किंवा आणखी कुणी जन्मतः बहिरं असेल तर ओटोफर्लिनसह जनुकतपासणी करून घ्या. एक कारण सापडलं म्हणून दुसरं नसेलच असं नाही. तिसरी शक्यता म्हणजे नसच बारीक किंवा नसलेली असणं. ते एमआरआयवर दिसतं, आणि तसं असेल तर इम्प्लांटचा हिशेबही बदलतो.

आता करायचं काय. सगळ्यात आधी वय नीट मोजा. तुमच्या भाचीची बेरा नवव्या आठवड्यात झाली. नऊ आठवडे आधी जन्मलेल्या बाळाचं दुरुस्त वय, म्हणजे दिवस पूर्ण भरण्याच्या तारखेपासून मोजलेलं वय, त्या दिवशी शून्य होतं. म्हणजे ती बेरा नुकत्याच जन्मलेल्या बाळाची म्हणून वाचायला हवी, दोन महिन्यांच्या बाळाची म्हणून नाही. दुरुस्त तीन महिन्यांच्या सुमारास पुन्हा करा, मग सहा महिन्यांच्या आसपास. आणि बेरा करणाऱ्यांना सांगा की टिकटिक दोन्ही ध्रुवतांनी, म्हणजे एकदा हवा आत ढकलणारी आणि एकदा बाहेर ओढणारी, वेगवेगळी द्या. ऑडिटरी न्यूरोपथीत सुरुवातीला केशपेशींचा स्वतःचा एक विद्युतसंकेत दिसतो, जो ध्रुवता बदलली की उलटा होतो. दोन्ही ध्रुवता एकत्र मिसळल्या तर तो पुसला जातो आणि अहवालात नुसतं 'प्रतिसाद नाही' येतं. कधीकधी तो संकेत कानाचा की मशीनचा असा संशय येतो. मग मी कानात जाणारी आवाजाची रबरी नळी चिमट्याने दाबून बंद करतो आणि तीच चाचणी पुन्हा घेतो. रेषा सपाट झाली तर आधीची हालचाल कानाची होती. तशीच राहिली तर ती वायरमधून घुसलेली. हे करायला दोन मिनिटंही लागत नाहीत, आणि ते न केल्यामुळे मशीनच्या खुणेला कानाची खूण समजलेले अहवाल मी पाहिले आहेत.

थांबण्याच्या काळात हात बांधून बसू नका. आंतरराष्ट्रीय शिफारस अशी आहे की पहिल्या महिन्यात चाळणी तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू. ऑडिटरी न्यूरोपथीत इम्प्लांटचा निर्णय लांबवला, तरी वाचा-भाषा उपचार लांबवायचं काही कारण नाही. बाळाशी समोरून, चेहरा दिसेल असं, खूप बोला, हातवारे करा. दुरुस्त सहा-आठ महिन्यांची झाली की आवाजाकडे मान वळवण्याची चाचणी घेता येते. तिच्यातून जी पातळी कळेल त्याप्रमाणे श्रवणयंत्र लावून बघा. ती खुळखुळ्याला वळते का, झोपेत दचकते का, हे घरात एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. बेरा सपाट असूनही आवाजाला वळणारी मुलं असतात, आणि अशा वेळी वहीतली नोंद मशीनच्या कागदाइतकीच उपयोगी पडते. दीड वर्षाच्या आसपासही भाषा सरकत नसेल, तर लहरी येवोत न येवोत, इम्प्लांटचा विचार गंभीरपणे करा. त्यापुढे वाट पाहणं बाळाला महागात पडतं. या दुखण्यात इम्प्लांटनंतर पुष्कळ मुलं चांगली ऐकतात, विशेषतः बिघाड जोडापाशी असेल तेव्हा. कावीळ खोडात खोलवर गेली असेल तर फायदा कमी होऊ शकतो, हे शस्त्रक्रियेआधीच ऐकून घ्या.

आवाजापासून जपा. प्रमाणाबाहेर आवाज झाला की केशपेशी इतकं ग्लुटामेट ओतते की तंतूची टोकं सुजतात आणि जोड तुटतात. उंदरांत २००९ मध्ये दिसलं की ऐकण्याची पातळी पूर्ण सावरल्यावरही जवळजवळ निम्मे जोड गेलेले असू शकतात. रंगपंचमीची गेर (रंगाची मिरवणूक) किंवा अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) दाखवायला बाळाला राजवाड्यावर नेऊ नका, निदान डीजेच्या भिंतीजवळ तरी नाही. आजीआजोबांचा हट्ट असला तर गॅलरीतून, लांबून.

खर्चाचं म्हणाल तर जन्मजात बहिरेपण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात आहे, आणि मध्य प्रदेशात मुख्यमंत्री बाल श्रवण योजनेतून इम्प्लांटला मदत मिळते; अर्जाला वयाची अट असते, तेव्हा ती आत्ताच विचारून ठेवा. दुसरं मत हवं असेल तर मैसूरची अखिल भारतीय वाक-श्रवण संस्था किंवा मुंबईची अली यावर जंग संस्था. मुंबईला रात्रीच्या अवंतिका एक्सप्रेसने जाऊन येता येतं. जाताना अकाली जन्माचे आठवडे, बिलिरुबिनचा सर्वांत वरचा आकडा, रक्त बदलल्याची तारीख आणि पेटीत असताना दिलेल्या अँटिबायोटिकची नावं असलेला डिस्चार्जचा कागद सोबत असू द्या, आणि बेराचा नुसता शेवटचा निष्कर्ष नको, लहरींचे आलेखही मागून घ्या. चाचणीच्या दिवशी बाळाला सकाळी लवकर उठवा, दूध तिथे पोचल्यावर पाजा. पोट भरलं की ती आपोआप झोपेल आणि झोपेचं सिरप बहुतेक लागणार नाही.